लॅपटॉपचा पंखा थांबतच नाही तेव्हा

मे महिन्यातली दुपार होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आत्याचा फोन आला. "अगं, हा लॅपटॉप आजही सकाळपासून जात्यासारखा घरघरतोय. मी काहीसुद्धा करत नाहीये, नुसता उघडून ठेवलाय. जळणार तर नाही ना?" आदल्या दिवशी तिने तो एका दुकानात दाखवला होता. तिथे पाठीचं झाकणही न उघडता "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या" असं सांगितलं. पुण्याच्या नातीशी तिचं रोजचं बोलणं याच लॅपटॉपवर होतं, त्यामुळे ती रडकुंडीला आली होती.

मी ग्वाल्हेरात मुलांना कॉम्प्युटर शिकवते. उन्हाळा लागला की ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक यंत्रांत मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, ठणठणीत होता. पंख्याच्या आवाजाला घाबरून लोक चांगली यंत्रं भंगारात देतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आत्याच्या लॅपटॉपचं काय झालं तेच सविस्तर सांगते.

पंखा स्वतः काही ठरवत नाही. प्रोसेसरच्या, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या चिपच्या, पोटात तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो आकडा मदरबोर्डवरची एक छोटी चिप सतत वाचत असते आणि त्यावरून पंख्याला हळू किंवा जोरात फिरायला सांगते. म्हणजे पंखा थांबत नसेल तर आत उष्णता साठते आहे, एवढंच कळलं. आता न्हाणीघरात पाणी तुंबलं की आपण काय बघतो? नळ उघडा राहिलाय का, आणि मोरी तुंबलीय का. इथेही तेच दोन प्रश्न. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त राबतोय का? की उष्णता नेहमीइतकीच तयार होतेय, पण तिला बाहेर पडायला वाट नाही? हे दोन प्रश्न वेगळे न काढता माणसं एकदम खोललेल्या यंत्रापाशी नाहीतर नव्या यंत्राच्या खरेदीपाशी पोचतात.

मुळात उष्णता येते कुठून, तेही थोडक्यात. प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म खटके असतात. प्रत्येक खटका चालू-बंद होताना किंचित वीज खातो आणि ती शेवटी उष्णताच होते. घरगुती लॅपटॉपच्या प्रोसेसरला सलग कामासाठी साधारण १५ वॉट दिलेले असतात, आणि घाईच्या क्षणी तो थोड्या वेळासाठी दुप्पट किंवा त्याहूनही जास्त ओढतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची छोटी इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) २५ वॉटची असते आणि तिचं टोक कथील वितळवतं. तेवढी उष्णता नखाएवढ्या चिपमधून सतत काढून न्यायची, हे त्या पंख्याचं काम. त्याचा आवाज येणं यात वावगं काही नाही. काम नसताना तासन्‌तास येणं हे मात्र तपासायला हवं.

आधी नळ

नळ आधी, कारण त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तो उघडताना स्वतःच थोडं काम करतो, त्यामुळे पहिले काही सेकंद आकडा वर जातो. मनात वीसपर्यंत मोजा आणि मग बघा. 'सीपीयू' (म्हणजेच प्रोसेसर) लिहिलेल्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त राबवणारा प्रोग्राम वर येतो. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो, लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा.

आता आकडे वाचायचे कसे, इथे बहुतेकांची गल्लत होते. आत्याच्या टास्क मॅनेजरमध्ये सगळ्यांत वरचा प्रोग्राम १२-१३ टक्के दाखवत होता. आत्या म्हणाली, "तेरा टक्के म्हणजे काहीच नाही की!" दिसायला खरंच काही नाही. पण तिच्या प्रोसेसरमध्ये विंडोजला आठ कामगार दिसतात. 'परफॉर्मन्स' या पानावर 'लॉजिकल प्रोसेसर्स' पुढे तो आकडा लिहिलेला असतो. विंडोज त्या आठांच्या एकूण ताकदीला १०० टक्के म्हणतं. म्हणजे एका कामगाराच्या वाट्याला येतात साडेबारा. एखादा प्रोग्राम कुठेतरी अडकून तेच तेच गोल गोल करत बसला, तर तो बहुधा एकाच कामगाराला पकडून ठेवतो आणि पडद्यावर दिसतात जेमतेम १२-१३ टक्के. चार कामगारांच्या जुन्या यंत्रावर हाच आकडा २५ दिसेल. खरंखुरं काम करणाऱ्या प्रोग्रामचा आकडा वरखाली होत राहतो. अडकलेल्याचा आकडा मात्र खिळा ठोकल्यासारखा एकाच जागी असतो. मला संशय आला तो या स्थिरपणामुळे. मॅक आणि लिनक्सवर हिशेब उलटा आहे: तिथे एका कामगाराचेच १०० टक्के धरतात, त्यामुळे कुणी ३०० टक्के खाताना दिसला तर आकडा चुकला असं समजू नका.

आणखी एक भीती इथेच घालवते. 'डिटेल्स' पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाची ओळ ९५ टक्क्यांवर दिसते आणि माणसं तिलाच चोर समजून बंद करू पाहतात. ती ओळ म्हणजे प्रोसेसरचा रिकामा वेळ. ९५ दिसणं ही चांगली बातमी. मॅकवर 'कर्नल टास्क' कधीकधी भरमसाट आकडा दाखवतो. त्यातही गंमत अशी की बऱ्याचदा तो उष्णता कमी करण्यासाठीच प्रोसेसरचा वेळ अडवून धरतो, म्हणजे इतर प्रोग्रामांना तो कमी मिळावा. त्याला मारून उपयोग नाही, मॅक का तापतोय ते शोधायचं.

आत्याकडे अडकलेला प्रोग्राम होता प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा. दिवाळीत तिने भाच्याचा प्रिंटर आणून काही पानं छापली होती. एक काम अर्धवट राहिलं, प्रिंटर परत गेला, आणि रांगेतलं ते बिघडलेलं काम स्पूलर पुन्हा पुन्हा हाताळत राहिला. 'सर्व्हिसेस' उघडून प्रिंट स्पूलर थांबवला. विंडोजच्या फोल्डरात 'सिस्टिम ३२', त्यात 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स' असा एक फोल्डर असतो. त्याच्या आतल्या फायली पुसल्या, फोल्डर तसाच ठेवला, आणि स्पूलर पुन्हा सुरू केला. मिनिटाभरात वापर ३ टक्क्यांवर आला.

प्रत्येक घरी स्पूलरच असेल असं नाही. वरच्या ओळीत 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसलं तर तो विंडोजचा स्वतःचा पहारेकरी आहे, फायली तपासतोय. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' दिसलं तर अपडेट चढतंय. शोधासाठी फायलींची सूची बनवणारा इंडेक्सरही असाच राबतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा अनेकांनी आपल्या यंत्रावर विंडोज ११ चढवलं आणि लगेच पंखा सुरू झाला म्हणून धास्तावले. अशा मोठ्या बदलानंतर ही कामं तासन्‌तास चालतात. चार्जर लावा, झाकण उघडं ठेवा, आपोआप झोपी जाण्याची (स्लीप) सेटिंग बंद करा आणि रात्रभर त्याला त्याचं काम उरकू द्या. दर वेळी मधेच बंद केलं तर तेच काम उद्या पुन्हा सुरू होतं. जे लोक रोज अर्धाच तास लॅपटॉप उघडतात, त्यांना म्हणूनच तो 'कायम' गुरगुरताना दिसतो.

ब्राउझर हा आजचा सर्वांत मोठा खादाड. क्रोम किंवा एजमध्ये असताना शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किंवा कुठलं एक्स्टेन्शन राबवतंय ते नावानिशी कळतं. व्हिडिओ चालू असेल तर आणखी एक कारण असू शकतं. व्हिडिओ आवळून पाठवलेला असतो, तो उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये खास जागा असते. पण व्हिडिओ आवळण्याची एव्ही-वन ही नवी पद्धत इंटेलच्या अकराव्या पिढीआधीच्या ग्राफिक्सला येत नाही. मग तो सगळा बोजा प्रोसेसरवर पडतो. जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओची क्वालिटी ७२० किंवा ४८० वर आणा, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. आत्या व्हिडिओ कॉलवर मागची भिंत धूसर करून ठेवायची, कारण तिथे वाळत घातलेले कपडे दिसतात. ती धूसर भिंत दर क्षणी आत्याची आकृती नव्याने कापून काढते, आणि ते फार जड काम आहे. कपडे हलवले, धूसरपणा बंद केला. पंख्याला त्याचा फरक ताबडतोब कळला.

आता एक गंभीर गोष्ट. पंखा जोरात चालू आहे, तुम्ही टास्क मॅनेजर उघडता, आणि तो एकदम शांत होतो. बंद केलात की पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. असं वारंवार झालं तर सावध व्हा. तुमच्या यंत्राची ताकद चोरून दुसऱ्यासाठी क्रिप्टोची नाणी खणणारे प्रोग्राम असतात, आणि त्यातले काही टास्क मॅनेजर उघडलेला पाहिला की लपून बसतात. ते बहुतेकदा फुकट मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर येतात. लग्नपत्रिका आणि निमंत्रणं बनवणारी कितीतरी माणसं असलीच सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवरून एकमेकांना देतात. माझं स्पष्ट मत आहे की ती घेऊ नयेत. वीज तुमची जळते, यंत्र तुमचं झिजतं. संशय आला तर विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या त्याच पहारेकऱ्याचं, ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी करतं, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. ओळखीचं नाव धारण केलेला प्रोग्रामही तपासता येतो: त्यावर उजवं क्लिक करून फाइल कुठे आहे ते उघडा. 'सर्व्हिस होस्ट' म्हणवणारी फाइल विंडोजच्या 'सिस्टिम ३२' किंवा 'SysWOW64' सोडून भलत्याच फोल्डरात सापडली तर ती तोतया आहे.

मग मोरी

स्पूलर शांत झाला, वापर ३ टक्क्यांवर आला, तरी आत्याचा पंखा पूर्ण थांबेना. आता नळ बंद होता, म्हणजे मोरीकडे वळायचं. विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही, त्यासाठी 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू मॉनिटर' यांसारखा फुकट प्रोग्राम लागतो. प्रोसेसर ६६ अंशांवर होता. खोलीतला पारा ३९.

नुसत्या ६६ वरून काही ठरत नाही, आणि ग्वाल्हेरच्या माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं. पंखा खोलीतलीच हवा आत फिरवतो. तो लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. त्यामुळे प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं आणि उरलेला आकडा बघायचा. इंटरनेटवर 'रिकाम्या यंत्राला ४५ अंश ठीक' असं वाचून आपली माणसं हादरतात, पण ते २५ अंशांच्या खोलीचं गणित असतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये बाहेर पारा ४५ च्या आसपास, लू वाहते, आणि दगडी पटियांचं, म्हणजे लांब फरशांचं, छत दिवसभर प्यालेलं ऊन रात्रभर परत देत राहतं. त्या खोलीत साठ अंश दिसले तर यंत्राचा दोष नाही. आत्याच्या यंत्रात मात्र ६६ वजा ३९, म्हणजे २७ अंशांचा फरक होता, तोही यंत्र रिकामं असताना आणि पंखा जवळजवळ पूर्ण वेगात असताना. एवढा वारा असून एवढा फरक राहतो म्हणजे वारा पोचतच नाही.

मोरी तुंबली की कधीकधी नळच जोरात असल्यासारखा भासतो, हे फसवं प्रकरणही सांगायला हवं. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतात. वेग कमी, म्हणून तेच काम रेंगाळतं, म्हणून वापराचा आकडा ८०-९० वर जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं प्रोग्राम खातोय. अशा वेळी 'परफॉर्मन्स' पानावरचा वेग बघा. प्रोसेसरचा मूळ वेग १.८ गिगाहर्ट्‌झ लिहिलाय, वापर भरपूर आहे, आणि चालू वेग मात्र ०.८ च्या आसपास अडकलाय, तर प्रोसेसर गुदमरतोय. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही तरीही असेच मंदावतात, तेव्हा बाजारातून घेतलेला स्वस्त चार्जर लावला असेल तर तोही बदलून पाहा.

आत्याचा लॅपटॉप उघडला. (त्याआधी तो पूर्ण बंद केला, चार्जर काढला, आणि झाकण निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीची पिन सोडवली. झाकण फुगलेलं दिसलं असतं तर मी हातच लावला नसता, कारण फुगलेली बॅटरी हे वेगळं आणि जास्त धोक्याचं दुखणं आहे.) प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी टेकलेली असते. तिच्या आत थोडंसं द्रव असतं. ते गरम टोकाला वाफ होतं, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा द्रव होतं, आणि अशी उष्णता वाहून नेतं. त्या दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसत होता. पंखा उचलला तेव्हा त्याच्या आणि जाळीच्या मधे सापडला कांबळ्याचा तुकडा शोभेल असा धुळीचा घट्ट थर. वरवर ब्रश मारून हा थर कधीच निघत नाही.

हे कांबळं आपल्या गावात एवढं लवकर विणलं जातं त्याला कूलर कारणीभूत आहे. कूलर बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ओढतो. थोडी धूळ जाळीत अडकते, बाकीची ओलावा घेऊन आत येते. कोरडी धूळ पात्यांमधून निसटून जाते, दमट धूळ चिकटते आणि तिच्यावर पुढची बसते. कूलरचा गारवा लॅपटॉपला चांगलाच, तो नाकारायचं कारण नाही. फक्त थेट झोतात ठेवायचा नाही, बाजूला ठेवायचा. आणि गादीवर तर मुळीच नाही, कारण बऱ्याच लॅपटॉपची हवा आत घ्यायची भोकं पोटाशी असतात. आपल्या कडाक्याच्या थंडीत जानेवारीतही यंत्रं तापतात ती मांडीवरच्या रजईमुळे.

थर काढला. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, कारण झोताने तो प्रमाणाबाहेर वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग दुखावतं. हवेसाठी पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर वापरू नये, त्या हवेत पाण्याचे थेंब येतात. प्रोसेसर आणि तांब्याच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. धातू कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यात सूक्ष्म फटी असतात, फटींत हवा असते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. पेस्ट त्या फटी भरते. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी तुरीच्या डाळीएवढी लावली. जास्त लावून फायदा नसतो. ही कामं आधी कधी केली नसतील तर जाणत्याकडून करून घ्यावीत, पण दुकानात शिरताना 'पंखा काढून मधली जाळी साफ करा आणि पेस्ट बदला' असं नेमकं सांगावं. मग मदरबोर्डची गोष्ट सहसा निघत नाही.

टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरला धूळ दिसते आणि साफ करणं सोपं जातं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. तिथे वापर कमी, तापमान कमी आणि तरी पंखा पूर्ण वेगात, असं असेल तर दोष बहुधा बायॉसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) पंख्याच्या सेटिंगचा असतो. किंवा तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी लावलेला असतो, आणि सेटिंग जुळत नसेल तर त्याचा वेग तिथून आवरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत ३७ होते, प्रोसेसर ५५ वर. फरक २७ वरून १८ वर उतरला. भर दुपारसाठी अजून एक केलं: पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली. या एका टक्क्याने प्रोसेसरची घाईच्या क्षणी वेग वाढवायची सवय बंद होते. पत्र लिहिताना किंवा नातीशी बोलताना फरक जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच उतरते. नव्या लॅपटॉपवर ही मर्यादा कधीकधी लपवलेली असते, तिथे वीज वाचवणारा पॉवर मोड निवडला तरी चालतं.

आत्याने जात्याची उपमा दिली होती ती मात्र अगदी अचूक निघाली. हवेचा आवाज सूं सूं असा असतो. तो गेला, आणि त्याखाली दबलेली बारीक घरघर आता स्पष्ट ऐकू येते. ती पंख्याच्या झिजलेल्या बेअरिंगची. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर उतरवून घेतलाय आणि त्याच मॉडेलचा पंखा मागवलाय. तो येईपर्यंत आत्या रोज संध्याकाळी नातीशी बोलते आहे, मागे कपडे नाहीत, भिंत जशी आहे तशी दिसते.